एकोणचाळीस टक्के

मंगळवार, ३

सव्वीस वर्षं लिफ्टच्या नोंदवहीत तारीख, बिघाड, उपाय एवढंच लिहीत आलो. ही वही मात्र माझी स्वतःची. लेक म्हणाली, "बाबा, डोक्यात घोळवत बसू नका, लिहून काढा." म्हणून लिहितो.

बिघाड असा. काल दुपारी एका सहा मजली इमारतीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक वयस्कर बाई होत्या, निवृत्त शिक्षिका, सहाव्या मजल्यावर एकट्या राहतात. ती इमारत माझ्याकडे. ऑफिसने मला अकरा फोन केले आणि माझा फोन बंद. मी तिथून दहा मिनिटांवर दुसऱ्या एका गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ग्रीस लावत होतो आणि मनात म्हणत होतो, वा, आज काय शांत दिवस आहे! शेवटी दुसऱ्या भागातून दोर धावत आला. (दोर म्हणजे आमचा सहकारी. उंच, बारीक आणि कायम ताणलेला.) तोवर बाई दोन तास चाळीस मिनिटं आत होत्या.

मी फोन खिशातून काढला तेव्हा तो काळाठिक्कर. मशीनच्या खोलीत शिरताना पाहिला होता तेव्हा त्यात एक्केचाळीस टक्के होते, शपथेवर सांगतो. ऑफिसात येऊन चार्जर लावला, चालू झाला, आणि पडद्यावर काय, तर एकोणचाळीस टक्के! त्या आकड्यानेच माझा गळा धरला. मॅनेजरबाईंनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "एकोणचाळीस टक्के असताना फोन आपोआप बंद होतो?" मी म्हटलं, "झाला." त्या म्हणाल्या, "होत नाही. केला जातो."

वीस तारखेला चौकशी. तोवर अडकलेल्यांना सोडवायच्या कामावरून मी बाजूला, गोदामात. चौकशीत दोषी ठरलो तर कायमचाच गोदामात, आणि माझ्या कागदावर लिहिलं जाणार की हा माणूस फोन बंद करून बसतो आणि वर खोटं बोलतो.

बुधवार, ४

गोदामाचा कारभारी 'कुलूप'. एक स्क्रू मागितला तरी तीन सह्या घेतो. त्याने मला वॉशर आकाराप्रमाणे लावायला दिले. दिवसभर वॉशर लावले. यापेक्षा लिफ्टच्या खड्ड्यात उतरून चिखल काढणं बरं.

जेवताना हिने हळूच विचारलं, "अहो, खरं सांगा, तुम्ही बंद नव्हता ना केला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं जग एक वेळ म्हणेल, पण घरचं माणूस? ताटावरून उठलो. ही शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली.

आता वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो. चौदा वर्षांपूर्वी लेकीच्या शाळेत नाटक होतं. ती त्यात झाड झाली होती. झाडाला एकही वाक्य नव्हतं, तरी मी फोन बंद करून पहिल्या रांगेत बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, बॅटरी गेली. त्या दिवशी कोणी अडकलं नाही म्हणून निभावलं. हिला ते माहीत आहे. म्हणून तिने विचारलं. पण म्हणून काय विचारायचं?

शुक्रवार, ६

दोन दिवस मला स्वतःचाच संशय येत होता. खिशात पान्याने बटण दाबलं गेलं असेल का? म्हणून आज फोन वॉशरच्या खोक्यावर समोर ठेवला आणि हात लांब ठेवले. दुपारी, छत्तीस टक्क्यांवर, माझ्या डोळ्यांदेखत विझला! मी आनंदाने ओरडलोच. कुलूप म्हणाला, "बटण दाबलंत तुम्ही." मी म्हटलं, "अहो, हात बघा, माझे हात इथे आहेत!" तो म्हणाला, "मी बघत नव्हतो." साक्षीदार मिळावा तर असा.

संध्याकाळी दोर भेटला. त्याला विचारलं तर म्हणतो, "माझाही तसाच जातो की. म्हणून मी पन्नासच्या खाली येऊच देत नाही." ते तर आम्ही कोणीच येऊ देत नाही. दोन वर्षांपूर्वी फोन वाटले तेव्हाच फर्मान निघालं होतं: बॅटरी पन्नासच्या खाली गेली की मॅनेजरबाईंच्या पडद्यावर नावापुढे लाल खूण. तेव्हापासून आम्हा एकोणीस जणांच्या हाताला एकच सवय. मशीनच्या खोलीत शिरलं की आधी चार्जर लावायचा, मग हत्यारांची पिशवी उघडायची. दहा मिनिटं इथे, पंधरा मिनिटं तिथे. त्या दुपारच्या खोलीत प्लग जळलेला होता, एवढंच.

हिला नवं काम मिळालंय. कुठल्या तरी बाईंचा कोट. त्या बाई घराबाहेर पडत नाहीत म्हणे, म्हणून माप घ्यायला हीच जाते.

शनिवार, ७

माफी मागायला त्या शिक्षिकाबाईंकडे गेलो. तपासणी होईपर्यंत लिफ्ट बंद, तेव्हा सहा मजले चढलो. त्यांनी दार साखळीपुरतं उघडलं. मी कोण ते सांगितलं.

"अच्छा, तुम्ही ते," त्या म्हणाल्या. "मग आता कशाला आलात? तेव्हा यायचं होतं."

मी काही बोलणार तेवढ्यात दार लागलं. आत आणखी कोणी तरी होतं, बाईमाणूस खोकल्याचा आवाज आला. शेजारीण जिन्यात म्हणाली, त्या दिवसापासून बाई खाली उतरलेल्या नाहीत. जिना गुडघ्यांना झेपत नाही, आणि लिफ्ट सुरू झाली तरी त्यात पाय ठेवणार नाही म्हणतात. रोज बागेत जाणारी बाई, आता खिडकीत बसते. हे ऐकून मला माझ्या कागदाचं काही वाटेनासं झालं. माझ्या कामाचा सगळा अर्थच हा, की माणसाने आत पाय ठेवताना विचार करू नये.

संध्याकाळी ही धापा टाकत आली. काय झालं म्हटलं तर म्हणे जिने. स्वतःचे गुडघे दुखतात तर असली कामं घ्यावीत कशाला! एका कोटाला किती वेळा माप घ्यायचं असतं?

सोमवार, ९

आज लिहायला हात शिवशिवतोय.

सकाळी वीज गेली आणि आली, आणि ऑफिसच्याच लिफ्टचं डोकं फिरलं. तिसऱ्या मजल्याच्या जरा वर उभी, आकडा पाच. दार उघडलं तर समोर अर्धी भिंत. बाकी सगळे बाहेर, म्हणून मला बोलावलं. असल्या वेळी करायचं काय हे मी झोपेतसुद्धा सांगेन. मधे कुठेही न थांबवता लिफ्ट पार तळाला न्यायची, शेवटचा खटका लागेपर्यंत. मग तशीच पार माथ्याला. तळ कुठे आणि माथा कुठे हे तिला एकदा कळलं की मधले मजले ती आपोआप बरोबर मोजते. नुसती दुसऱ्या-तिसऱ्यात खाली-वर करत राहिलात तर ती जन्मभर चुकीचंच मोजेल.

ती माथ्याला पोचली, खटका वाजला, आणि चावी हातात धरून मी तिथेच उभा राहिलो. आमच्या फोनने दोन वर्षांत तळ कधी पाहिलाय? माथा तरी कधी पाहिलाय? पन्नास ते ऐंशी, ऐंशी ते पन्नास! बिचारा अंदाजाने बोलतोय आणि अंदाज चुकलाय. बॅटरी खरंच संपलेली असते आणि हा सांगतो एकोणचाळीस.

सव्वीस वर्षं हेच काम करतोय आणि खिशातल्या वस्तूचं मला कळू नये! चष्मा (आमचा इंजिनिअर) विचारत होता, "का हसताय?" मी म्हटलं, "लिफ्ट सुधारली म्हणून."

मंगळवार, १०

लेकीने फोनवर शोधून सांगितलं, "बाबा, बरोबर आहे तुमचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात." रीत अशी. फोन आपोआप बंद पडेपर्यंत वापरायचा. बंद पडला तरी पुन्हा चालू करायचा, अजिबात दाद देईनासा होईपर्यंत. मग तीन-चार तास तसाच पडू द्यायचा. मग बंद असतानाच चार्जरला लावायचा, शंभर होईपर्यंत हात लावायचा नाही, वर आणखी तासभर. ते झालं की परत तळापर्यंत. एक-दोन फेऱ्यांत आकडा ठिकाणावर येतो. आणि हे दोन-तीन महिन्यांतून एकदाच, रोज केलं तर बॅटरी झिजते.

मी लगेच सुरू केलं. टॉर्च लावला, व्हिडिओ लावला. पस्तीसला विझला, पुन्हा उठवला, पुन्हा विझला. मग गोदामात कुलपाशी बोलता बोलता बघतो तर काय, फोन चार्जरला लावलेला! कोणी लावला? मीच. हाताने परस्पर लावला, मला विचारलंसुद्धा नाही. दिवस वाया.

गुरुवार, १२

आज चार्जर घरीच ठेवून गेलो. त्यामुळे तीन वेळा खिसे चाचपले, दोन वेळा कुलपाचा चार्जर उचलला, दोन्ही वेळा त्याने सही मागितली. शेवटी फोन मेला तो मेलाच. घरी आणला, शांत पडू दिला, मग चार्जरला लावून वर कागद ठेवला: हात लावू नये. ही म्हणाली, "आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसे बसलायत." म्हटलं, आहेच आजारी.

शुक्रवार, १३

सगळं मुसळ केरात! सकाळी शंभर टक्के घेऊन निघालो आणि आकडा आधीपेक्षा भराभर खाली. दुपारी पन्नास, चहाला तीस. पूर्वी याच वेळेला साठ असायचे. मी तर बॅटरी आणखी बिघडवून ठेवली. शेवटी बावीसला विझला.

लेक हसायलाच लागली. "बाबा, बॅटरी तेवढीच आहे. पूर्वी थापा मारत होती, आता खरं बोलायला शिकतेय. आणि छत्तीसवरून बावीसला आली की!" मुलीला शिकवलं त्याचं हे असं होतं, आपल्यालाच ऐकून घ्यावं लागतं. आणखी एक फेरी करतो.

रविवार, १५

एक टक्का!

पुन्हा लिहितो. एक टक्का! दहाला घाबरलो नाही, पाचला श्वास धरला, तीनला हिला हाक मारली. ती हातातलं शिवण टाकून आली. आम्ही दोघं आणि लेक, तिघं त्या फोनकडे बघत बसलो. दोन. मग एक. एकवर तो तब्बल सहा मिनिटं जगला आणि मगच मिटला. मी खुर्चीवरून उठून नाचलो. हो, नाचलो, या वयात, बनियनवर. ही हसून हसून डोळे पुसत होती. मग म्हणाली, "मला माहीत होतं हो." काय माहीत होतं, विचारायचं राहून गेलं.

सोमवार, १६

मी गाढव आहे.

आज कामावर जाताना लक्षात आलं की आता माझा फोन ठणठणीत आहे. चौकशीत तो टेबलावर ठेवला तर बरोबर एक टक्क्याला विझेल, आणि मॅनेजरबाई म्हणतील, बघा, फोन चांगला आहे, म्हणजे यानेच बंद केला. मीच माझा पुरावा बरा करून बसलो!

मंगळवार, १७

दोरचे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्याचा फोन अजून आजारी. चौकशीत तो टेबलावर ठेवायचा तर पन्नासच्या खाली जाऊ द्यावा लागणार, म्हणजे त्याच्या नावापुढे लाल खूण. "माझी बढती आहे रे पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. मी म्हटलं, "उद्या तुझ्या भागात कोणी अडकलं आणि तुझा पस्तीसला गेला तर?" त्याने खिशातून फोन काढून पाहिला. मग म्हणाला, "त्या बाईंना मी बाहेर काढलं ना, तेव्हा त्यांचे हात बर्फासारखे होते. येतो मी."

ही कोट पूर्ण करतेय. कधी नाही ते बटणं तीन दुकानं हिंडून आणली. माझ्या चौकशीला तीन दिवस राहिलेत आणि हिला बटणं सुचतायत. असो.

शुक्रवार, २०

क्रमाने लिहितो, नाहीतर सगळं एकदम सांडेल.

खोलीत मॅनेजरबाई, चष्मा, मी, दोर. सकाळी मी माझा बरा झालेला आणि दोरचा आजारी असे दोन्ही फोन टेबलावर ठेवले. दोघांवर पंचावन्न टक्के, दोघांवर एकच व्हिडिओ. बाई म्हणाल्या, "हा काय खेळ आहे?" मी म्हटलं, "तुम्ही आरोप वाचा. तोवर यांचं चालू दे." इतकं धीटपणे मी कधी बोललो नव्हतो, माझाच मला आवाज ओळखू येईना.

आरोप लांबलचक होता. मग जुन्या नोंदी, मग दोरची साक्ष. दरम्यान दार वाजलं आणि त्या शिक्षिकाबाई आत आल्या! जिना उतरून, एकेक पायरी बसत उठत, कोणा बाईचा हात धरून म्हणे. ती बाई दाराबाहेरूनच परत गेली. अंगात नवा राखाडी कोट, मोठी मोठी बटणं, शिलाई अशी की बघत राहावं. आमच्या हिला दाखवायला हवा होता.

मॅनेजरबाई वाचत होत्या, "सदर फोनमध्ये पुरेशी बॅटरी असताना तो आपोआप बंद होणं तांत्रिकदृष्ट्या..." आणि दोरचा फोन विझला. चौतीस टक्क्यांवर. कोणाचाही हात चार हातांच्या आत नव्हता. मॅनेजरबाईंनी स्वतः बटण दाबलं. काही नाही. चार्जर लावला, चालू झाला, त्यांनीच आकडा वाचला, "तेहतीस." मग कागद खाली ठेवला.

माझ्या फोनवर तेव्हा आठ टक्के होते. मी म्हटलं, "आता हा बघा." आणि मग लिफ्टच्या तळाचं आणि माथ्याचं सगळं समजावून सांगितलं. पन्नासचं फर्मान या बिघाडाचं मूळ आहे, हेही सांगितलं, मॅनेजरबाईंच्या तोंडावर. पाच. तीन. चष्मा खुर्ची पुढे ओढून बसला. दोन. एक. विझला तेव्हा दोरने टाळी वाजवली आणि एकटाच वाजवतोय हे कळून थांबला.

मग शिक्षिकाबाई बोलल्या. "मला टक्क्यांतलं काही कळत नाही. लिफ्टमध्ये यांचा नंबर चिकटवलेला आहे. मी तो नऊ वेळा फिरवला. अजून पाठ आहे." त्यांनी म्हणून दाखवला, एक आकडा चुकला नाही. मी मान खाली घातली. "मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्ही फोन कधीच बंद करून ठेवला नव्हता?"

सहज 'नाही' म्हणता आलं असतं. सगळं माझ्या बाजूने झालं होतं. पण तो नंबर ऐकल्यावर जीभ वळेना. "एकदा," मी म्हटलं. "चौदा वर्षांपूर्वी. मुलीच्या नाटकाला. आणि ऑफिसात खोटं सांगितलं. या वेळी मात्र नाही."

मॅनेजरबाईंच्या भुवया वर गेल्या. शिक्षिकाबाई मात्र हसल्या. "झाडाचं काम होतं ना?" म्हणाल्या. आता हे त्यांना कसं कळलं देव जाणे. शाळेतच शिकवायला असतील तेव्हा, दुसरं काय. "खरं बोलतायत ते," त्या मॅनेजरबाईंना म्हणाल्या.

निकाल: आरोप मागे. लाल खूण रद्द. एकोणीसच्या एकोणीस फोनांना तळ आणि माथा दाखवायचं काम माझ्याकडे, आणि ज्यांच्या बॅटऱ्या खरोखर थकल्यात त्यांना नव्या. सोमवारपासून मी पुन्हा माझ्या भागात. सगळे गेल्यावर मॅनेजरबाईंनी स्वतःचा फोन पुढे केला. "माझा चाळीसला जातो," हळू आवाजात म्हणाल्या. "बघाल का?"

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकलं, तरी मधे मधे तिला पुढचं आधीच ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. दमलेली दिसली, पाय शेकत बसली होती. मी म्हटलं, "तुझ्यावर उगीच चिडलो त्या दिवशी." म्हणाली, "मीही उगीच विचारलं." आणि मला खूप बरं वाटलं, चौकशीपेक्षाही बरं वाटलं.

सोमवार, २३

कामावर पहिला दिवस. सकाळी शिक्षिकाबाईंच्या इमारतीची लिफ्ट तपासून सुरू केली. दोन दारं, एक पंखा, एक कुत्रं लिफ्टमधून उतरायला तयार नाही. दुपारनंतर एका गच्चीवर होतो, फोनमध्ये सात टक्के, तेव्हा तो वाजला.

"मी बोलतेय, सहाव्या मजल्यावरून," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "लिफ्टसमोर उभी आहे."

"थांबा, मी येतो. दहा मिनिटांत येतो. सोबत उतरू."

"नको. तुम्ही शेजारी उभे असाल तर मला भीती वाटणारच नाही, मग काय उपयोग? एकटीनेच जायचंय मला. तुम्ही फक्त फोनवर राहा. बॅटरी आहे?"

"सात टक्के," मी म्हटलं. "पण खरे सात."

दार उघडल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा. मग त्यांचा श्वास. मी गच्चीवर कठड्याला धरून उभा होतो आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला लिफ्टची भीती वाटली. "पाच," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काहीच नाही. चौथा आणि पाचवा यांच्यामध्ये होत्या त्या. मी म्हटलं, "बाई, आहे मी इथे." त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय. चार." मग तीन, दोन, एक. दार उघडलं आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला.

"पोचले," त्या म्हणाल्या. मी कठडा सोडला. "आता परत वर जाते. ठेवू नका."

तीन वेळा खाली-वर केलं त्यांनी. तिसऱ्यांदा खाली आल्या तेव्हा माझ्याकडे पाच टक्के होते. त्या म्हणाल्या, "मी बागेत जातेय. आता फोन ठेवलात तरी चालेल."

माझ्याच्याने काही ठेववेना. शेवटी त्यांनीच ठेवला.